काळ्या मोहऱ्यांचा मुलगा: तैमूर रजबोव आणि लिनारेस २००३

फेब्रुवारी २००३. दक्षिण स्पेनमधलं लिनारेस हे गाव, आणि तिथली त्या काळातली सर्वांत कठीण निमंत्रितांची बुद्धिबळ स्पर्धा. खेळाडू फक्त सात: कास्पारोव्ह, क्रामनिक, आनंद, लेको, पोनोमारिओव्ह, स्पेनचा वायेहो आणि अझरबैजानचा तैमूर रजबोव. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे एकूण बारा डाव. सोळावा वाढदिवस स्पर्धा संपल्यावर तीन दिवसांनी असलेल्या रजबोवसमोर दुसऱ्याच फेरीत जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू कास्पारोव्ह आला, आणि रजबोवकडे मोहरी काळी.

दोघांच्या मानांकनात दोनशेहून जास्त गुणांचं अंतर होतं. फरक दोनशेचा असला, तर एलो या मानांकन-पद्धतीच्या गणितानुसार दुबळ्या खेळाडूला शंभर डावांत साधारण २४ गुण मिळावेत. त्यातले बहुतेक अर्ध्या-अर्ध्याने, बरोबरीतून येतात. पुन्हा काळ्या मोहऱ्या म्हणजे एक चाल मागे. अशा वेळी बहुतेक तरुण खेळाडू एकच ठरवून बसतात: मोहरी झटपट मारून घ्यायची, पट मोकळा करायचा आणि अर्धा गुण घेऊन उठायचं. रजबोवने तसं केलं नाही. तो डाव त्याने ३९ चालींत जिंकला. तो का जिंकू शकला आणि त्या जिंकण्याची पुढे काय किंमत पडली, हे पाहण्यासाठी आधी बाकूकडे जावं लागतं.

घर आणि शहर

रजबोवचा जन्म १२ मार्च १९८७ चा, बाकूचा. आडनाव आईकडचं. (अझरबैजानी उच्चार ‘रजबोव’ असाच आहे, मुळात आपल्या ओळखीचा ‘रजब’. रशियन वळणाने त्याचं ‘राद्जाबोव्ह’ होतं.) वडील बोरिस शेयनिन पेट्रोलियम अभियंता, म्हणजे तेलाच्या शहरातला अगदी नेहमीचा पेशा. पण लहानपणी ते स्वतः होतकरू बुद्धिबळपटू होते आणि बाकूच्या पायोनिअर पॅलेसमध्ये (सोव्हिएत काळातलं मुलांचं छंद-केंद्र), ज्या वर्तुळात कास्पारोव्ह घडला त्याच वर्तुळात, शिकले होते. ही बाब वाटते त्यापेक्षा मोठी आहे. बहुतेक घरांत मुलगा दहा-अकरा वर्षांचा झाला की पालकांना पटावरचं काही कळेनासं होतं आणि पुढे फक्त तिकिटं काढणं उरतं. इथे पहिला प्रशिक्षक घरातच होता. मूल कोणत्या चुका पुन्हा-पुन्हा करतं, कोणत्या जागी ते घाबरतं, कुठे उगाच घाई करतं, हे रोज पाहणारा माणूस.

शहराचाही वाटा आहे. जुन्या पिढीतला प्रशिक्षक व्लादिमीर माकोगोनोव्ह बाकूत राहिला, शिकवत राहिला. किंग्ज इंडियन बचाव या काळ्याच्या सलामीविरुद्ध (सलामी म्हणजे सुरुवातीच्या चालींची ठरलेली पद्धत) पाचव्या चालीला एच३ घरात प्यादं सरकवण्याचा प्रकार आजही त्याच्या नावाने ओळखला जातो, आणि लहानग्या कास्पारोव्हलाही त्याचं मार्गदर्शन मिळालं होतं. जानेवारी १९९० मध्ये आर्मेनियन कुटुंबांवर हल्ले झाले तेव्हा कास्पारोव्हने बाकू सोडलं. रजबोव तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता. पुढच्या वर्षी सोव्हिएत संघ संपला. तरीही शिकवणारी माणसं, मंडळं आणि मुलाला बुद्धिबळाला घालण्याची रीत शहरात टिकून राहिली. शाखरियार मामेद्यारोव्ह १९८५ चा (शेजारच्या सुमगाईतचा), वुगार गाशिमोव्ह १९८६ चा, रजबोव १९८७ चा, रौफ मामेदोव १९८८ चा. चार वर्षांत चार मोठे खेळाडू. सरकारने बुद्धिबळाच्या विकासाचा खास कार्यक्रम जाहीर केला २००९ मध्ये. म्हणजे ही पिढी त्याच्या आधीच तयार झाली होती, आणि म्हणूनच तिचं श्रेय आधी घरांना आणि जुन्या प्रशिक्षकांना द्यायला हवं.

वयापेक्षा वरच्या गटात

१९९९ मध्ये, बारा वर्षांचा असताना, रजबोवने युरोपचं अठरा वर्षांखालील विजेतेपद जिंकलं. स्वतःच्या वयोगटात राहून तो आणखी काही पदकं सहज गोळा करू शकला असता. पण वयोगटातल्या स्पर्धांत एक सवय लागते: समोरचा चुकणारच, आपण फक्त वाट पाहायची. सतरा-अठरा वर्षांची मुलं चुकतात, पण फुकट काही देत नाहीत.

मार्च २००१ मध्ये चौदाव्या वर्षी तो ग्रँडमास्टर झाला. त्या वेळी इतिहासात त्याच्याहून कमी वयाचा ग्रँडमास्टर एकच होता, चीनचा बू श्यांगझी. हा किताब एका स्पर्धेत मिळत नाही. मानांकन एकदा तरी २५०० ला पोहोचावं लागतं आणि नॉर्म, म्हणजे स्पर्धांतल्या ठरावीक दर्जाच्या कामगिऱ्या, मिळवावे लागतात. आजच्या नियमांत एका नॉर्मसाठी साधारणपणे किमान नऊ डाव, त्यात २६०० मानांकनाच्या तोडीची कामगिरी, प्रतिस्पर्ध्यांचं सरासरी मानांकन किमान २३८० आणि त्यांत किमान तीन ग्रँडमास्टर लागतात. सगळे नॉर्म मिळून २७ डाव व्हायला हवेत. यात मुलं अडखळतात ती बहुधा काळ्या मोहऱ्यांवर. नऊ डावांत चार-पाच डाव काळ्याने येतात. २६०० च्या कामगिरीला, २४०० च्या आसपासच्या प्रतिस्पर्ध्यांपुढे, जवळपास तीन-चतुर्थांश गुण लागतात. पांढऱ्याचे सगळे डाव जिंकले आणि काळ्याचे सगळे बरोबरीत सोडवले, तर हिशेब कसाबसा जुळतो. पांढऱ्याने एकदा जरी बरोबरी झाली, तर काळ्याने जिंकल्याशिवाय गत्यंतर नसतं.

रजबोवच्या तयारीतली खरी निवड इथे आहे. त्याने काळ्यासाठी दोन अशा सलामी घेतल्या ज्यांत बरोबरी हे ध्येयच नसतं: पांढऱ्याच्या पहिल्या ई४ चालीला फ्रेंच बचाव आणि डी४ ला किंग्ज इंडियन. दोन्हींत काळा जागा सोडतो, दबून बसतो, आणि नंतर प्याद्यांच्या साखळीवर वार करून डाव उलटवतो. दोन्हींत हरणंही ठरलेलं असतं, आणि तेही लाजिरवाणं: आपल्याच मोहऱ्यांत कोंडून.

किंग्ज इंडियनची निवड तर धाडसाचीच होती. १९९७ मध्ये क्रामनिकने नवव्या चालीला बी४ रेटण्याच्या प्रकारात कास्पारोव्हला हरवलं. त्यानंतर कास्पारोव्हने आयुष्यभराची ही सलामी बाजूला ठेवली. बाकूच्या सर्वांत मोठ्या खेळाडूने टाकून दिलेलं हत्यार बाकूच्याच एका मुलाने उचललं आणि नेमक्या त्याच प्रकारासाठी धार लावली.

तो डाव

सुरुवातीच्या चाली अशा (अक्षर म्हणजे पटाची उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी; मोहऱ्याचं नाव नसेल तर चाल प्याद्याची): १. ई४ ई६ २. डी४ डी५ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. ई५ घोडा डी७ ५. एफ४ सी५ ६. घोडा एफ३ घोडा सी६ ७. उंट ई३ ए६ ८. वजीर डी२ बी५ ९. ए३ वजीर बी६ १०. घोडा ई२ सी४ ११. जी४ एच५.

दहाव्या चालीपाशी थांबावं. फ्रेंच बचावात काळ्याचा सी५ वरचा प्यादा डी४ वर सतत दडपण ठेवतो. तो सी४ ला ढकलला की हे दडपण संपतं, आणि मध्यभाग मोकळा नसल्याने पांढऱ्याला राजाच्या बाजूला निवांत हल्ला करता येतो. पुस्तकं म्हणूनच अशा चालीपासून सावध करतात. पण तिची दुसरी बाजू आहे. पांढऱ्याने ए३ खेळून झालं होतं, म्हणजे बी३ चा घर राखायला ए-प्यादा उरला नव्हता. सी४ ने त्या घरावर काळ्याची कायमची पकड बसली. तेव्हा ते कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं. सतरा चालींनंतर काळ्याचा घोडा त्याच घरात शह देत उतरला.

पांढऱ्याचा जी४ हा हल्ल्याचा बिगुल होता: एफ५ रेटायचं आणि ई६ चा खांब पाडायचा. इथे घाबरलेला खेळाडू जी६ किंवा घोडा बी८ असं काहीतरी खेळून डबक्यात बसतो. रजबोवने हल्ल्याच्याच बाजूला एच५ खेळलं. १२. जी-प्याद्याने एच५ मारलं, हत्तीने परत मारलं. १३. घोडा जी३, हत्ती पुन्हा एच८ वर. वरवर पाहता हत्ती फिरून घरी आला आणि वेळ वाया गेला. प्रत्यक्षात काळ्याची एच-ओळ उघडली होती.

१४. एफ५ ई-प्याद्याने एफ५ मारलं, १५. घोड्याने परत मारलं, आणि आता घोडा एफ६! डी७ वर अडकून पडलेला घोडा बाजूला झाला, त्यामुळे सी८ च्या उंटाची वाट एफ५ पर्यंत मोकळी झाली. ई-प्याद्याने तो घोडा मारला, तर उंट एफ५ चा घोडा मारतो आणि हिशेब बरोबर. फ्रेंच बचावातला काळ्याचा कुप्रसिद्ध ‘आजारी उंट’ एका चालीत बरा झाला. १६. घोडा जी३ घोडा जी४ १७. उंट एफ४ उंट ई६ १८. सी३ उंट ई७ १९. घोडा जी५, काळ्याचा लांब किल्लेकोट (राजाला वजिराच्या बाजूला सुरक्षित नेण्याची चाल). २०. घोड्याने ई६ चा उंट मारला, एफ-प्याद्याने परत मारलं. २१. उंट ई२, आणि जी४ च्या घोड्याने ई५ चं प्यादं उचललं.

घोडा अर्पण. डी४ च्या प्याद्याने तो मारता येत होता. पण पांढऱ्याचा राजा अजून ई१ वरच, एफ-ओळ उघडी, एफ४ चा उंट हवेत. कास्पारोव्हने घोडा न घेता वजीर ई३ वर नेला. घोडा डी७ वर परतला, २३. वजिराने ई६ चं प्यादं घेतलं, आणि काळ्याचा उंट एच४ वर गेला. त्या उंटाने जी३ चा घोडा राजाशी जखडला. त्याला आधार कुणाचा? एच८ च्या हत्तीचा, मोकळ्या एच-ओळीवरून. अकराव्या चालीचा एच५ नसता तर ही चाल शक्यच नव्हती. २४. वजीर जी४, जी५! उंटावर प्यादं. कास्पारोव्हने २६व्या चालीला लांब किल्लेकोट केला, तेव्हा रजबोवचा घोडा ए५ मार्गे बी३ ला पोहोचायला फक्त दोन चाली लागल्या.

पुढची लढत निर्दोष नव्हती. घड्याळ दोघांच्या मागे होतं, आणि गुंतागुंतीत कास्पारोव्हचा हिशेब चुकला. पण चूक कुठल्या जमिनीवर झाली हेही पाहावं: पंधरा चाली राजा मध्ये, दोन्ही बाजूंना उघड्या वाटा, प्रत्येक चालीला नवा धोका. अशी जमीन काळ्याने तयार केली होती. बरोबरीसाठी खेळलेल्या डावात जगज्जेते असे चुकत नाहीत.

त्यानंतरचे पंधरा दिवस

निकालाने जगभर खळबळ माजली, आणि स्पर्धेच्या सांगतेला पत्रकारांनी याच डावाला सर्वोत्तम डावाचं पारितोषिक दिलं. कास्पारोव्ह व्यासपीठावरून उघडपणे संतापला. आपण हरलो म्हणूनच हा डाव निवडला, असा त्याचा आक्षेप होता. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, डावात चुका होत्याच. पण पंधरा वर्षांच्या मुलासमोर तो राग ज्या पद्धतीने निघाला, ते शोभणारं नव्हतं.

स्पर्धेचा तक्ता मात्र शांतपणे वाचायला हवा. लेको आणि क्रामनिक पहिले, आनंद आणि कास्पारोव्ह त्यांच्या अर्ध्या गुणाने मागे, आणि रजबोव शेवटचा. ज्या हत्याराने तो जिंकला, त्याच पद्धतीने खेळताना तो हरलाही. एखाद्या पालकाने फक्त तक्ता पाहिला असता तर मुलाला पुढच्या वर्षी पाठवलं नसतं. त्याच २००३ सालात रजबोवने पोनोमारिओव्हला हरवलं आणि डॉर्टमुंडमध्ये आपल्या आनंदलाही. तिन्ही विजय काळ्या मोहऱ्यांनी, तिन्ही प्रतिस्पर्धी आजी किंवा माजी जगज्जेते. भारतीय वाचकांना तो आठवतो तो बहुधा डॉर्टमुंडमुळे.

२००४ मध्ये त्रिपोलीच्या बाद पद्धतीच्या जागतिक स्पर्धेत तो उपांत्य फेरीपर्यंत गेला, तिथे मायकेल अॅडम्सने त्याला थांबवलं. २००५ मध्ये स्पेनमधली दोस एर्मानासची स्पर्धा जिंकली. आणि जानेवारी २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या विक आन झी इथे टोपालोव्ह आणि अरोनियनच्या बरोबरीने १३ पैकी ८.५ गुणांसह पहिला.

विक आन झीची ती स्पर्धा किंग्ज इंडियनच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. नेदरलँड्सचा लोएक व्हॅन वेली बी४ च्या प्रकाराचा कट्टर पुरस्कर्ता, आणि रजबोव त्याचं उत्तर घेऊन बसलेला. चाली अशा येतात: १. डी४ घोडा एफ६ २. सी४ जी६ ३. घोडा सी३ उंट जी७ ४. ई४ डी६ ५. घोडा एफ३, छोटा किल्लेकोट ६. उंट ई२ ई५ ७. छोटा किल्लेकोट घोडा सी६ ८. डी५ घोडा ई७ ९. बी४. इथे रजबोवची पसंती घोडा एच५. धमकी घोडा एफ४ ची. पांढरा १०. हत्ती ई१ खेळतो, म्हणजे उंटाला मारापासून वाचायला एफ१ चं घर मिळतं. मग एफ५ ११. घोडा जी५ (लक्ष्य ई६) घोडा एफ६, आणि पांढऱ्याने एफ३ किंवा उंट एफ३ यांतून निवडायचं. पांढरा वजिराच्या बाजूला सी५ रेटणार, काळा राजाच्या बाजूला. यात काळा दोन ठिकाणी मरतो. पहिलं, पांढऱ्याचा घोडा ई६ वर बसल्यावर तो उशिरा मारला, तर ई६ वरचं पांढरं प्यादं काट्यासारखं रुततं आणि डी५ चं घर मोकळं होतं. दुसरं, एफ४ घाईने ढकललं, तर ई४ वरचं दडपण जातं आणि पांढरा निर्धास्तपणे सी५ करतो. व्हॅन वेलीवरचा विजय मिळाला तो या दोन्ही गोष्टी कुठल्या क्रमाने करायच्या हे घरी घासून-पुसून पाठ केल्यामुळे.

२७९३, आणि उतार

२००९ मध्ये नोवी साद इथे अझरबैजानने युरोपीय सांघिक सुवर्ण जिंकलं. रजबोव, गाशिमोव्ह, मामेद्यारोव्ह, सगळे त्या संघात. २०१२ च्या अखेरीस रजबोवचं मानांकन २७९३ वर गेलं, जगात चौथं.

मार्च २०१३, लंडनची कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा. १४ पैकी ४ गुण, शेवटचा क्रमांक. तेराव्या फेरीत कार्लसनने काळ्या मोहऱ्यांनी ८९ चाली त्याला पिळून काढलं, आणि त्या गुणाच्या जोरावर कार्लसन अखेर अव्वल ठरला. रजबोवच्या मानांकनातले पन्नासच्या आसपास गुण एका स्पर्धेत गेले. आमच्या मते यात नुसता ‘फॉर्म’ नव्हता. अव्वल आठांच्या दुहेरी साखळीत प्रत्येकाला तुमची काळ्याची सलामी तीन महिने आधीपासून ठाऊक असते. दोनच धारदार सलामींवर उभा असलेला खेळाडू तिथे सर्वांत सोपं लक्ष्य ठरतो. पुढच्या वर्षांत रजबोवने उलट टोक गाठलं: पक्का, बंदिस्त, झटपट बरोबरीला तयार. १५ व्या वर्षी जे त्याने नाकारलं होतं, तेच २७ व्या वर्षी त्याचं कवच झालं. चाहत्यांना ते रुचलं नाही. पण टिकण्याचा तो प्रामाणिक मार्ग होता, हेही मान्य करायला हवं.

कवच कामाला आलं ते खांती-मान्सिस्कला, २०१९ च्या विश्वचषकात. १२८ खेळाडू, बाद पद्धत. अंतिम सामना डिंग लिरेनशी. चार क्लासिकल (दीर्घ वेळेचे) डाव २–२, दोन्ही जलद टप्पे १–१ असे सुटले, आणि शेवटच्या ब्लिट्झमध्ये (अतिजलद डावांत) रजबोवने दोन्ही डाव घेतले. एकूण ६–४. त्यातून येकातेरिनबर्गच्या २०२० च्या कँडिडेट्सचं स्थान मिळालं.

मार्च २०२० मध्ये साथीचा धोका पाहून त्याने स्पर्धा पुढे ढकलण्याची मागणी केली. ती मान्य न झाल्याने त्याने माघार घेतली, आणि त्याच्या जागी फ्रान्सचा वाशिये-लाग्राव्ह खेळला. २६ मार्चला, सात फेऱ्या झाल्यावर, स्पर्धा थांबवावीच लागली. जागतिक महासंघाने पुढे त्याला २०२२ च्या कँडिडेट्समध्ये थेट स्थान दिलं. त्यावर वाद झाला, पण आमच्या दृष्टीने ते योग्यच होतं. स्पर्धेने स्वतःच त्याची भीती खरी ठरवली होती.

माद्रिद, जुलै २०२२. नेपोम्नियाची ९.५ गुणांसह पहिला, डिंग ८ सह दुसरा, रजबोव ७.५ सह तिसरा. त्याच महिन्यात कार्लसनने जगज्जेतेपद राखण्यासाठी खेळणार नसल्याचं जाहीर केलं, आणि लढतीची दुसरी खुर्ची दुसऱ्या क्रमांकाला मिळाली. ती लढत आणि रजबोव यांच्यात अंतर राहिलं अर्ध्या गुणाचं.